लिपी सोपी म्हणून अडचण खोटी ठरत नाही

मराठी शाळांतील वाचनाच्या प्रश्नाची चर्चा निघाली की एक मत हमखास मांडले जाते, आणि ते इतके अंगवळणी पडले आहे की त्याला कोणी पुरावा विचारीत नाही. वाचन-अक्षमता, म्हणजे बुद्धी, दृष्टी व श्रवण शाबूत असून आणि शिकवणेही मिळत असून लिहिलेला शब्द अचूक व ओघाने वाचता न येण्याची चिवट अडचण, ही इंग्रजी माध्यमाची आणि शहरातल्या सुखवस्तू घरांची बाब आहे. मराठी बोलली जाते तशीच लिहिली जाते, त्यामुळे बाराखडी पक्की झाली की वाचन आपोआप येते. आणि ज्या मुलाला ते येत नाही त्याच्या बाबतीत गैरहजेरी, घरची निरक्षरता, स्थलांतर किंवा अभ्यासाचा कंटाळा यांपैकी एखादे कारण डोळ्यांसमोर असतेच, असे हे मत आहे.

नांदगावसारख्या तालुक्यात ते चटकन पटते. नाशिक शहरापासून सुमारे शंभर किलोमीटर पूर्वेला, मनमाड-भुसावळ लोहमार्गावर वसलेला हा तालुका अवर्षणाचा आहे. त्याच्या एका अंगाला मनमाडसारखे मोठे जंक्शन आहे, तर दुसऱ्या अंगाला घाटमाथ्याजवळची गावे, वस्त्या आणि तांडे आहेत, जिथून दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. शाळेतल्या मराठीखेरीज घरोघरी अहिराणी वळणाची बोली, बंजारा, भिल्ली, उर्दू ऐकू येते. अशा ठिकाणी तिसरीतल्या मुलाला वाचता येत नाही, याची इतकी कारणे हाताशी असतात की आणखी एक कारण शोधणे हे वरकरणी चैनीचे वाटावे. पण हाताशी असलेले कारण खरे असते तेव्हाही ते पुरेसे असतेच असे नाही, आणि गेल्या चाळीसेक वर्षांतील वाचनविषयक संशोधन पाहता या मताचे तिन्ही पाय, म्हणजे लिपीचा, गरिबीचा आणि शहरीपणाचा, तपासात टिकत नाहीत.

लिपीचा मुद्दा आधी घ्यावा लागतो, कारण सगळा आत्मविश्वास तिथून येतो आणि त्यात सत्याचा अंशही आहे. या अडचणीचे पहिले नोंदवलेले वर्णन इंग्लंडमधले आहे: १८९६ मध्ये डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाविषयी लिहिले, जो चुणचुणीत होता, गणितात चांगला होता, पण छापील शब्द त्याला उलगडत नसे, आणि सारे शिक्षण तोंडी झाले असते तर तो शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता असे त्याच्या शिक्षकाला वाटे. पुढची बहुतेक माहिती इंग्रजी बोलणाऱ्या देशांतच गोळा झाली, आणि इंग्रजीचे शब्दलेखन उच्चारापासून फार दूर गेलेले असल्यामुळे ही अडचण त्या लिपीनेच जन्माला घातली असावी हा समज स्वाभाविक होता. फिलिप सेमूर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये युरोपातील अनेक भाषांतल्या पहिलीच्या मुलांची तुलना केली, तेव्हा बहुतेक भाषांतील मुले वर्षाच्या अखेरीस ओळखीचे शब्द जवळजवळ बिनचूक वाचत होती आणि इंग्रजी शिकणारी मुले त्यांच्या बरीच मागे होती. इंग्रजी वाचायला शिकणे अधिक वेळखाऊ आहे, एवढे यावरून सिद्ध होते.

त्यापुढचे अनुमान मात्र ढासळते. जर्मन लिपी नियमित आहे. हाइन्त्स विमर यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की ती वाचणाऱ्या अक्षम मुलांच्या वाचनात चुका थोड्या असतात, पण ती कमालीची सावकाश वाचतात, आणि हा सावकाशपणा वर्षानुवर्षे हटत नाही. इटालियन लिपी त्याहून सोपी. पाउलेसू आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये इटालियन, फ्रेंच व इंग्रजी भाषक प्रौढ वाचकांचा मेंदू-प्रतिमांच्या साहाय्याने अभ्यास केला, तेव्हा इटालियन अक्षम वाचकांचे वाचन इतर दोघांपेक्षा अचूक होते, परंतु वाचताना मेंदूच्या डाव्या बाजूच्या एका विशिष्ट भागातील क्रिया तिघांतही सारखीच मंद आढळली. फिनिश तर एका चिन्हाला एक ध्वनी अशी जवळजवळ आदर्श लिपी. तिथे युवस्कुला विद्यापीठात हेइक्की ल्यूतिनेन यांच्या पुढाकाराने, घरात ही अडचण असलेल्या कुटुंबांतील मुलांचा जन्मापासून पाठपुरावा झाला, आणि त्यांतील साधारण तिसऱ्या हिश्शाच्या मुलांना शाळेत वाचनाची अडचण आलीच. लिपी सोपी असली की अडचणीचे रूप बदलते, ती चुकांतून निघून वेगात जाऊन बसते. आपल्याकडे जो मुलगा सहावीत बोट ठेवून, अक्षर अक्षर जुळवत, पण शेवटी बरोबर वाचतो, त्याला ‘वाचता येते’ या रकान्यात टाकले जाते आणि तिथेच त्याचा प्रश्न कागदावरून पुसला जातो.

शिवाय देवनागरी तितकी सोपी आहे का, हेही पाहिले पाहिजे. रोमन लिपीत सव्वीस अक्षरे. आपल्याकडे केवळ बाराखडीचा हिशेब धरला तरी चिन्हरूपे चारशेच्या वर जातात, आणि जोडाक्षरे त्यात धरलेली नाहीत. मूल ‘किती’ वाचते तेव्हा पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिलेली पण नंतर उच्चारायची, आणि दुसरी नंतर लिहिलेली व नंतरच उच्चारायची असते. ‘क्रम’, ‘कर्म’ आणि ‘कृमी’ या तीन शब्दांत ‘र’चा ध्वनी तीन रूपांनी तीन जागी बसतो, आणि ‘कर्म’मधला रफार तर ज्या अक्षराच्या डोक्यावर असतो त्याच्या आधी बोलायचा असतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक मोठ्या माणसांनाही थबकवतो. ‘जग’ हा एकच लेखी शब्द ‘दुनिया’ या अर्थी एका उच्चाराने आणि ‘जिवंत राहा’ या अर्थी दुसऱ्या उच्चाराने वाचावा लागतो, म्हणजे अर्थ कळल्याशिवाय उच्चार ठरत नाही. सर्वांत अवघड गोष्ट तर कोणी शिकवीतच नाही: अक्षरातला अंगभूत ‘अ’ कुठे राहतो आणि कुठे गळतो, हे. ‘करवत’ हा शब्द क-र-व-त असा चार सुट्या अक्षरांनी कितीही वेळा म्हटला तरी ओळखीचा शब्द कानावर पडत नाही. तो ‘कर्-वत्’ असा दोन झटक्यांत म्हणायचा असतो, आणि हे लिपी सांगत नाही, शब्द आधीपासून ठाऊक असलेले मूलच ते करू शकते. बाराखडी घडाघडा म्हणणारे मूल धड्यापाशी अडते, याचे एक मोठे कारण इथे आहे.

भारतीय लिपींवरचे संशोधनही हेच सांगते. सोनाली नाग यांनी कन्नड माध्यमाच्या मुलांवर केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले, की अक्षरसंच आत्मसात होण्याची प्रक्रिया पहिलीत संपत नाही, ती तिसरी-चौथीपर्यंत चालू राहते, आणि ध्वनिभान, म्हणजे बोललेल्या शब्दातील ध्वनी मनात सुटे करण्याची क्षमता, एकेका ध्वनीच्या पातळीवर बरीच उशिरा येते. महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात आणि कर्नाटकात यादगीर येथे शैलजा मेनन व सहकाऱ्यांनी मराठी-कन्नड वाचन-लेखनाचा तीन वर्षांचा अभ्यास केला. तिसरीच्या अखेरीसही पुष्कळ मुलांना साधा मजकूर उलगडणे जड जात होते, आणि वर्गातला वेळ मुख्यतः अक्षरे गिरवणे, फळ्यावरचे उतरवणे व एका सुरात म्हणणे यांत जात होता. ‘बाराखडी आली की वाचन आले’ हे सूत्र ज्या राज्यात प्रमाण मानले जाते, त्याच राज्यातला हा पुरावा आहे.

याच ठिकाणी एक लोकप्रिय गैरसमजही दूर करायला हवा. २००७ च्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने या मुलांविषयी देशभर सहानुभूती निर्माण केली, हे त्याचे मोठे ऋण आहे. पण त्यातून नाचणारी आणि उलटी दिसणारी अक्षरे हीच अक्षमतेची खूण, असे चित्र मनात ठसले. उलट्या अक्षरांचा सिद्धान्त अमेरिकेतील सॅम्युअल ऑर्टन यांनी १९२५ मध्ये मांडला होता, आणि १९७० च्या दशकात फ्रँक व्हेलुटिनो यांनी तो खोडला: अडखळत वाचणाऱ्या मुलांना अनोळखी हिब्रू अक्षरे पाहून आठवणीने लिहायला दिली, तर ती चांगल्या वाचकांइतकीच नीट लिहितात. दोष डोळ्यांत नसतो, चिन्ह आणि ध्वनी यांची गाठ बांधण्यात असतो. म्हणून ज्या शाळेत शिक्षक ‘हा अक्षरे उलटी काढत नाही, म्हणजे याला तसे काही नाही’ असा निर्वाळा देतात, तिथे तो चुकीच्या खुणेवर दिलेला असतो.

आता गरिबीचा पाय. तो अधिक मजबूत वाटतो, कारण आकडे त्याच्या बाजूने उभे राहतात. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीनुसार, देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत तिसरीतील जी मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकतात त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २०.९ टक्के होते, २०२२ मध्ये १६.३ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ मध्ये २३.४ टक्के झाले. पाचांतली चार मुले जिथे वाचत नाहीत तिथे अक्षमता कसली शोधायची, असा प्रश्न यावर विचारला जातो. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदान-पुस्तिकेत वाचन, लेखन व गणित यांतील विशिष्ट अध्ययन-अडचणींचे प्रमाण निरनिराळ्या भाषा व संस्कृतींत शाळकरी मुलांच्या ५ ते १५ टक्के दिले आहे. ही टक्केवारी रेषा कुठे ओढली यावर अवलंबून असते हे मान्य करूनही, ऐंशी टक्क्यांचे अपयश तिने समजावता येणार नाही, हे उघड आहे.

तसा दावा कोणी जाणता संशोधक करीतही नाही. मुद्दा उलटा आहे: ऐंशी टक्क्यांच्या गर्दीत ती पाच-दहा टक्के मुले अदृश्य होतात. अवर्षणाच्या साली सगळे शेत सुकलेले असते तेव्हा मर रोगाचे रोप वेगळे ओळखू येत नाही. पाणी मिळाले की बाकीची रोपे तरारतात आणि ते तसेच राहते, तेव्हा कळते. व्हेलुटिनो, डोना स्कॅनलन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग नेमका असाच होता. न्यूयॉर्क राज्यातील शाळांत पहिलीत वाचनात सर्वांत मागे असलेल्या मुलांना रोज अर्धा तास एकेकटे बसवून शिकवण्यात आले. एका सत्रातच सुमारे दोन तृतीयांश मुले वर्गाच्या सरासरीला पोहोचली, आणि जी पोहोचली नाहीत त्यांच्यात ध्वनींची हाताळणी व नावे झटपट आठवणे या क्षमता ठळकपणे दुबळ्या आढळल्या. या एका प्रयोगाने दोन्ही टोकांची मते निकालात काढली: मागे पडलेल्या बहुतेक मुलांना नीट शिकवणेच हवे असते, आणि नीट शिकवूनही न सावरणारी काही मुले उरतातच. कोण कुठल्या गटातले हे शिकवण्याआधी सांगता येत नाही. म्हणून ‘आधी गरिबी हटवा, मग अक्षमतेचे बघू’ हा क्रम मुळातच अशक्य आहे. दोन्हींचा उलगडा करणारे साधन एकच, ते म्हणजे बारकाईने नोंद ठेवत केलेले अध्यापन.

गरिबीच्या युक्तिवादाला एक अधिक घातक शेपूट आहे, आणि ते कायद्याच्या व्याख्यांत शिरले होते. अमेरिकेच्या १९७० च्या दशकातील कायद्याने अध्ययन-अक्षमतेची व्याख्या करताना सांस्कृतिक व आर्थिक वंचिततेतून आलेल्या अडचणी वगळल्या, म्हणजे गरीब मुलाची अडचण गरिबीचीच मानावी अशी तरतूद झाली. आपल्या २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातील व्याख्येत असे कलम नाही, आणि ही त्या कायद्याची जमेची बाजू आहे. पण जे कलम कायद्यात नाही ते व्यवहारात चालू राहिले. जानेवारी २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी प्रमाणपत्राच्या वाटेवर बुद्धिमापन चाचणी ठेवली आणि बुद्ध्यंक ८५ च्या वर असण्याची अट घातली. त्यासाठी सांगितलेल्या चाचण्यांपैकी एक, मॅलिन यांची भारतीय मुलांसाठीची चाचणी, १९६० च्या दशकात नागपुरात तयार झालेली आहे, आणि तिच्या शाब्दिक भागात शब्दसंग्रह व सामान्य माहिती यांना मोठे स्थान आहे. आता कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये मांडलेला निष्कर्ष याला जोडून पाहावा: जे मूल वाचत नाही त्याचा शब्दसंग्रह व माहिती वाढत नाही, आणि वर्षागणिक ते वाचणाऱ्या मुलांपासून आणखी दुरावते. म्हणजे तांड्यावरच्या मुलीला पहिलीपासून मदत मिळाली नाही, तर न वाचल्यामुळे तिचे शब्द खुंटतात, शब्द खुंटल्यामुळे गुणांक खाली येतो, आणि गुणांक खाली आल्यामुळे तिची अडचण अक्षमता नसल्याचा निर्णय होतो. ज्या घरात पुस्तके आहेत तिथल्या मुलाचा गुणांक मात्र शाबूत राहतो आणि प्रमाणपत्र त्यालाच मिळते. अक्षमता शहरी व सुखवस्तू दिसते ती या चाळणीमुळे. तिसरा पायही असा पहिल्या दोहोंवरच टेकलेला आहे.

शहरीपणाचा इतिहासही तसाच आहे. महाराष्ट्राने १९९६ मध्ये शालान्त परीक्षेत या विद्यार्थ्यांना सवलती द्यायला सुरुवात केली आणि त्या बाबतीत देशात पुढाकार घेतला. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली, आणि तपासणीची केंद्रे मुंबईच्या सायनसारख्या रुग्णालयांतून उभी राहिली. तपासणी जिथे होती तिथे मुले सापडली. जिथे कोणी तपासलेच नाही तिथला शून्य हा आजाराचा शून्य मानणे, ही आकड्यांच्या वाचनातली प्राथमिक चूक आहे.

नांदगावच्या संदर्भात सर्वांत कमी विचार झालेली बाब बोलीची आहे, आणि तिच्यापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण तिथे चूक दोन्ही दिशांनी होते. तिसरीतल्या मुलाची श्रुतलेखनाची वही समोर ठेवली आणि तीत ‘पाणी’च्या जागी ‘पानी’, ‘डोळा’च्या जागी ‘डोया’, ‘विहीर’च्या जागी ‘विहिर’, ‘मदत’च्या जागी ‘मत’ आणि ‘सूर्य’च्या जागी ‘सुय’ असे सापडले, तर लाल शाईने पाचही शब्द सारखेच कापले जातात. प्रत्यक्षात त्या पाच चुका तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. ‘पानी’ आणि ‘डोया’ लिहिणाऱ्या मुलाने शब्द ऐकला, ओळखला आणि घरी तो जसा बोलला जातो तसा ध्वनीनिशी कागदावर उतरवला. खानदेशी वळणात ‘ळ’चा ‘य’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो, आणि ते ऐकून बिनचूक लिहिणे हा ध्वनिभान शाबूत असल्याचा पुरावा आहे. ‘विहिर’ ही ऱ्हस्व-दीर्घाच्या संकेताची चूक आहे. शिकलेली माणसेही ती करतात, आणि आठ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तिची काळजी करण्याचे कारण नाही. ‘मदत’चे ‘मत’ होणे आणि ‘सूर्य’मधला रफार हरवणे, या मात्र शब्दातले ध्वनी सुटे न करता आल्याच्या खुणा असू शकतात, त्या आठवडाभरात पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या शब्दांत दिसल्या तर शिक्षकाने तिथेच थांबून पाहिले पाहिजे. पाचात पाच चूक असा शेरा मारला की पहिल्या दोन चुकांवरून धडधाकट मूल ‘अप्रगत’ ठरते, आणि शेवटच्या दोन चुका करणारे मूल त्याच ढिगाऱ्यात गाडले जाते.

अमेरिकेतील ॲन आर्बर शहरातील कृष्णवर्णीय मुलांच्या पालकांनी याच प्रश्नावर न्यायालयात धाव घेतली होती. घरी बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीच्या वेगळ्या बोलीमुळे त्या मुलांना अक्षम किंवा मंद ठरवले जात होते; १९७९ मध्ये न्यायमूर्ती चार्ल्स जॉइनर यांनी निर्णय दिला, की मुलांची घरची बोली विचारात घेऊन वाचन शिकवणे ही शाळा-मंडळाची जबाबदारी आहे. आपल्याकडे याचे भान अगदीच नव्हते असे नाही. मॅक्सिन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीतील भेदांवर १९७३ मध्ये प्रबंध पूर्ण केला, आणि पुढे त्याच गावात राहून प्रगत शिक्षण संस्थेच्या कामातून, थोडी अक्षरे व थोड्या मात्रा एकत्र घेऊन लगेच अर्थपूर्ण शब्द वाचायला लावणारी मराठी वाचनाची पद्धत उभी केली. बोली जाणणारी भाषाशास्त्रज्ञ आणि पहिलीचा वर्ग यांची अशी गाठ महाराष्ट्रात पडली होती, आणि तरीही तिचा लाभ जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण शाळेपर्यंत फार थोडा पोहोचला, याची खंत वाटल्याखेरीज राहत नाही.

आता एका आदरणीय आक्षेपाकडे वळले पाहिजे, कारण तो मुलांच्या बाजूने घेतला जातो. शाळा शिकवीत नाही आणि दोष मात्र मुलाच्या मेंदूवर ढकलते, असे ‘अक्षमता’ या शिक्क्याचे विरोधक म्हणतात. ज्युलियन एलियट आणि एलेना ग्रिगोरेंको यांनी २०१४ च्या आपल्या ग्रंथात, ‘डिस्लेक्सिया’ असलेले आणि नुसतेच वाचता न येणारे मूल यांत विश्वासार्ह सीमा काढता येत नाही आणि दोघांनाही लागणारे शिक्षण सारखेच आहे, असे साधार मांडले आहे. यातला पहिला भाग मान्य करावाच लागेल: वाचनक्षमता ही चढत्या क्रमाची सलग मोजपट्टी आहे आणि रेषा माणूस ओढतो. परंतु त्यावरून अडचण खरी नाही असे निष्पन्न होत नाही. एलियट आणि ग्रिगोरेंको यांचेही तसे म्हणणे नाही. त्यांचा रोख शिक्क्यावर आहे, आणि मराठीत त्यांचा दाखला अनेकदा नेमका उलट्या कामासाठी वापरला जातो, म्हणजे शिक्का नको या सबबीखाली मदतही नाकारण्यासाठी.

फिनलंडने यातून वाट काढली आहे. तिथे निदानाचा कागद नसतानाही मुलाला अर्धवेळ विशेष शिक्षण मिळते, आणि फार मोठ्या संख्येने मुले शालेय जीवनात कधी ना कधी ते घेतात, त्यामुळे त्यात कलंकही उरत नाही. आपल्या व्यवस्थेत पाऊल उलटे पडते. २०१८ च्या त्या मार्गदर्शक सूचनांनी प्रमाणपत्र आठ वर्षे पूर्ण झाल्यावरच द्यायचे ठरवले, चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी ठेवली, आणि त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी वैद्यकीय मंडळापुढे जावे लागते. आठ वर्षांची अट निदानापुरती शहाणपणाची आहे, कारण त्याआधी घाईने शिक्का बसण्याचा धोका असतो. पण निदानाची अट हीच मदतीची अट समजली गेल्याने पहिली व दुसरीची दोन वर्षे, म्हणजे ज्या काळात रोजचा अर्धा तास सर्वाधिक फळ देतो तीच वर्षे, वाट पाहण्यात जातात. नांदगावच्या शेतमजूर आईबापांनी मजुरी बुडवून, मुलाला घेऊन नाशिकच्या दोन-तीन खेपा कराव्यात आणि मगच शाळेने त्याच्याकडे वेगळे पाहावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही भारतीय भाषांसाठीची चाचणी २०१५ पासून मराठीतही उपलब्ध आहे, आणि तिच्यातील प्राथमिक चाळणीचा भाग पहिली ते पाचवीच्या शिक्षकांनी वापरण्यासाठीच आहे. तालुक्यातल्या गटसाधन केंद्रातून ती प्रत्येक केंद्रशाळेपर्यंत पोहोचवायला कोणत्याही प्रमाणपत्राची गरज नाही.

शेवटचा आक्षेप वेळेचा. दोनशिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळून हे करायचे केव्हा, असा प्रश्न शिक्षक विचारतात, आणि तो रास्त आहे. मात्र वाचनाच्या मोजणीत वेळ आजही जातो. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या मुलाने किमान ६० शब्द समजून वाचावेत अशी उद्दिष्टे ठेवली, आणि शिक्षकांच्या हाती घड्याळ आले. मराठीत नामाचे सामान्यरूप होऊन त्याला प्रत्यय व शब्दयोगी अव्यये चिकटतात. ‘शेतकऱ्यांबरोबरही’ हा एक शब्द मोजला जातो आणि ‘तो’ हाही एकच. उताऱ्यातले शब्द बदलले की तेच मूल एका दिवशी निपुण आणि दुसऱ्या दिवशी मागे ठरू शकते. वेग मोजू नये असे नाही, सोप्या लिपीत वेगच अडचण दाखवतो हे वर आलेच आहे. पण मिनिटाला बत्तीस शब्द हा आकडा मूल कुठे अडले ते सांगत नाही. तेच मिनिट मुलाने कोणते अक्षर टाळले, कोणत्या जोडाक्षरापाशी थांबले, ‘करवत’चे दोन तुकडे त्याला सुचले की नाही, हे टिपण्यात घातले, तर दुसऱ्या दिवशीचा पाठ त्यातून तयार होतो. मुंबई व वडोदरा येथील बालसखी प्रयोगाचे, ज्याचे मूल्यमापन अभिजित बॅनर्जी व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केले, निष्पन्नही असेच होते: मागे राहिलेल्या मुलांना रोज काही वेळ वेगळे बसवून त्यांच्या पातळीचे शिकवले, तर लांबलचक प्रशिक्षण न घेतलेल्या, वस्तीतल्याच तरुणीही फरक पाडू शकतात.

या नोंदीचे मोल सर्वांत जास्त आहे ते स्थलांतर करणाऱ्या मुलांना. हंगामी वसतिगृहात मागे राहिलेले मूल निदान त्याच शिक्षकांच्या नजरेत असते. आईवडिलांबरोबर फडावर गेलेले मूल मात्र दुसऱ्या तालुक्यातल्या, अनोळखी शाळेत मधूनच जाऊन बसते आणि तिथे पुन्हा ‘क’पासून सुरुवात होते, मग मार्च-एप्रिलमध्ये परतल्यावर इथे पुन्हा ‘क’पासून. ही वर्षातून दोनदा होणारी नवी सुरुवात गरिबीच्या खात्यावर मांडली जाते, परंतु तिच्यातला मोठा भाग कागदाच्या अभावाचा आहे. राज्यात स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. त्याच्याबरोबर एक पान जायला हवे, ज्यावर मुलाची येणारी आणि न येणारी अक्षरे, अडणारी जोडाक्षरे, घरची बोली आणि गेल्या तीन महिन्यांत काय शिकवल्यावर काय सुधारले, हे शिक्षकाने हाताने लिहिलेले असेल. तीन महिने शिकवूनही ज्या ओळीत काहीच बदललेले नाही, ती ओळ वाचून पुढच्या शिक्षकाने कारखान्याजवळच्या त्या शाळेत त्याच दिवशी वेगळे शिकवायला सुरुवात करावी, मुलाचे वय सहा असो वा दहा, आणि त्याच्या खिशात प्रमाणपत्र असो वा नसो.